तिरकं, पोकळ, जुन्या वळणाचं अक्षर: बालू २, यात्रा वन आणि मोदक यांची पारख

कुस्तीच्या मैदानाचा फलक असो, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचं बॅनर असो किंवा रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाडीची पाटी, गिऱ्हाईक कोल्हापुरातल्या डिझायनरकडे येतं आणि म्हणतं, "जुन्या पेंटरसारखं अक्षर पाहिजे." त्याच्या डोळ्यांपुढे काय असतं ते ठरलेलं आहे: उजवीकडे कललेलं अक्षर, बाहेरून ठसठशीत रेघ, आतून पोकळ आणि खाली एका बाजूला शेड, म्हणजे सावली. बाबूराव पेंटरांच्या गावात ही मागणी आली तर नवल नाही. अडचण पुढे आहे. असं अक्षर देणारा तयार, युनिकोड, मोफत देवनागरी फॉन्ट शोधायला बसलात तर हाती फारसं काही लागत नाही. 'टायरो देवनागरी मराठी'ला तिरकी शैली आहे आणि ती देखणी आहे, पण ती पुस्तकातल्या मजकुरासाठी, पाटीसाठी नाही. लॅटिनमध्ये मात्र अशा फॉन्टांची रेलचेल आहे. डेव्हिड जोनाथन रॉस यांच्या 'बंजी'मध्ये बाह्यरेघ, आतली रेघ आणि शेड हे थर वेगवेगळ्या फाइलींत मिळतात आणि एकावर एक रचता येतात. तेवढी सोय देवनागरीत सहजी मिळत नाही, म्हणून ठोकळा फॉन्ट घेऊन तिरका आणि पोकळ आपणच करावा लागतो.

मग प्रश्न उरतो की कोणता फॉन्ट हे सोसतो. इथे तीन पारखले आहेत, तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात: 'एक टाइप' या संस्थेचे 'बालू २' आणि 'मोदक', आणि कॅथरीन ली श्मिट यांचा 'यात्रा वन'. निकाल आधीच सांगतो. पोकळ अक्षरासाठी बालू २ चं सर्वांत जाड वजन (फॉन्टच्या जाडीची पायरी) घ्या. जुनं वळण हवंच असेल आणि मजकूर एक-दोन शब्दांचा असेल तर यात्रा वन, पण कमी कोनात. मोदक पोकळ करायच्या भानगडीत पडू नका.

आधी कलाचं गणित

अक्षर तिरकं करणं म्हणजे ते फिरवणं नव्हे, स्क्यू करणं. तळ जागेवर राहतो आणि वरचा भाग उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकतो. यात क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण रेघांची जाडी बदलते आणि प्रत्येक दिशेची रेघ वेगळी बदलते. १२ अंशांचा कल दिला तर आडवी रेघ, म्हणजे शिरोरेषा, आहे तशीच राहते. उभा दंड जेमतेम २ टक्के बारीक होतो. मात्र उजवीकडे चढत जाणारी ४५ अंशांची तिरपी रेघ १० टक्के बारीक होते आणि तिच्या उलट दिशेची, डावीकडून उजवीकडे उतरणारी, ११ टक्के जाड होते. कोन १४ अंशांवर नेला तर हे आकडे १२ आणि १३ टक्क्यांवर जातात; ८ अंशांवर दोन्हीकडे ७ टक्क्यांच्या आसपास राहतात.

भरीव अक्षरात हा फरक डोळ्याला सहज कळत नाही. पोकळ अक्षरात रेघ हेच अक्षर, त्यामुळे तिथे तो लगेच उघडा पडतो. ३ मिलिमीटरची बाह्यरेघ आधी काढून मग अख्खं अक्षर १२ अंश कलवलं तर तीच रेघ एका तिरप्यावर २.७ आणि दुसऱ्यावर ३.३ मिलिमीटर होते. 'स', 'र', 'झ' यांच्या तिरप्या फाट्यांवर ती बाजूबाजूला दिसते आणि अक्षर कुणीतरी ओढून ताणल्यासारखं वाटतं. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक फसलेल्या पाट्यांचं मूळ इथेच आहे. म्हणून क्रम एकच: आधी तिरकं करा, मग अक्षरं एकमेकांत जोडून एकसंध करा आणि शेवटी पोकळ करा. रेघ सर्वांत शेवटी आली की ती सगळीकडे सारख्या जाडीची राहते.

कोन किती? १० ते १२ अंश पुरे. ब्राउझरमध्ये तिरक्या अक्षरासाठी 'ऑब्लिक' नुसतं लिहिलं तर सीएसएसचा (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचा) ठरलेला कोन १४ अंश आहे. लॅटिनला तो चालून जातो, देवनागरीला जड पडतो. कारण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार यांचा एक मजला आहे आणि खाली उकारांचा दुसरा. कल वाढला की वरचा मजला उजवीकडे आणि खालचा डावीकडे पळतो. ९ इंची अक्षराची शिरोरेषा १२ अंशांना सुमारे १.९ इंच सरकते. वेलांटीचा माथा तळापासून साडेबारा इंचांवर असेल तर तो २.७ इंच सरकतो. ३ इंच खाली लोंबणारा उकार पाऊण इंचाच्या जरा आत डावीकडे जातो. फलकाची चौकट आखताना हे धरलं नाही, तर शेवटच्या अक्षरावरची दीर्घ वेलांटी थेट कडेला जाऊन भिडते आणि फ्लेक्स फ्रेमवर ताणताना मागे दुमडली जाते. उजवीकडे जादा समास सोडा, मजकूर मध्यावर घेताना शिरोरेषेचा मध्य धरा. नुसतं 'सेंटर' दाबून भागत नाही.

बालू २

एक टाइप ही मुंबईची संस्था. बालू कुटुंबात अनेक भारतीय लिप्यांचे फॉन्ट आहेत; देवनागरीच्या फाइलचं नाव नुसतं 'बालू २', बाकीच्यांना वेगवेगळी पुढची नावं आहेत, तेव्हा उतरवून घेताना नीट बघा. वजनं ४०० ते ८०० अशी पाच, शिवाय सगळी वजनं एकत्र असलेली व्हेरिएबल फाइलही मिळते.

पोकळ कामासाठी याचा मोठा गुण म्हणजे रेघेची एकसारखी जाडी. दंड, शिरोरेषा आणि गोलाई यांच्या जाडीत फार तफावत नाही. त्यामुळे आतून सारखी रेघ काढली की मधली पोकळीही सगळीकडे जवळपास सारखी उरते. शिवाय टोकं गोलसर आहेत. बाह्यरेघेला टोकदार काटे फुटण्याचा त्रास कमी होतो. ८०० वजनात १२ अंशांच्या कलाने होणारा १० टक्क्यांचा फरक सहज पचतो. एकूण तोंडवळा सत्तरीच्या दशकातल्या फुगीर अक्षरांकडे झुकणारा आहे, तेव्हा जुनेपणाही बऱ्यापैकी येतो. पण पेंटरच्या चपट्या ब्रशची धार त्यात नाही, ती अपेक्षा ठेवू नये.

'रंकाळा' हा शब्द कसोटीला घ्या. 'ळ'ची दोन पोटं, म्हणजे आतल्या बंदिस्त जागा, आधीच लहान असतात. रेघ बाहेरच्या बाजूला वाढवली तर ती पोटं बुजतात आणि लांबून 'ळ'च्या जागी डाग दिसतो. रेघ आतल्या बाजूला घेतली तर पोटांना धक्का लागत नाही. देवनागरी पोकळ करताना बाह्यरेघ कायम आतल्या बाजूनेच द्यावी, याला अपवाद काढायची गरज नाही. दोन पोटं जिथे भिडतात तिथे पोकळी चिमटली जाते. तिथले दोन-तीन बिंदू हाताने हलवून जागा मोकळी करा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि अक्षर त्यानेच उठतं. 'रं'वरचा अनुस्वार भरीवच ठेवा. पोकळ टिंब हे शून्य वाटतं.

खटकणारी गोष्ट व्हेरिएबल फाइलची. अशा फाइलींत एकाच अक्षराचे भाग बहुधा एकमेकांवर चढलेले असतात, जोडून घेतलेले नसतात. भरीव अक्षरात ते कळत नाही. रेघ दिली की अक्षराच्या पोटातून आडव्यातिडव्या रेषा जातात. ८०० वजनाची सुटी फाइल वापरा आणि तरीही खाली सांगितलेली जोडणी करा.

यात्रा वन

रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला हा फॉन्ट आहे. एकच वजन. देवनागरी बोरूच्या छाटाने येणारी जाड-बारीक रेघ त्यात स्पष्ट आहे आणि याच्या लॅटिन अक्षरांनाही तोच देवनागरी कोन दिलेला आहे, ही याची खरी खासियत. मराठी आणि इंग्रजी एका पाटीवर आले की ते एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात. जुन्या पाटीचा भास हवा असेल तर तिघांत हाच पहिला.

पण कल दिला की काय होतं ते बघा. देवनागरी बोरूने उजवीकडे चढणारी तिरपी रेघ जाड येते आणि उतरणारी बारीक. उजवीकडचा कल नेमकं उलटं करतो: जाडीला बारीक करतो, बारीक रेघेला जाड. म्हणजे १४ अंश दिले की याचं वळण निम्मं पुसल्यासारखं होतं. मूळ सौंदर्य ज्या फरकात आहे तोच फरक कमी होतो. म्हणून ८ अंशांच्या पुढे जाऊ नका. कल कमी वाटला तर शेड लांब करा, नजरेला वेग तिथूनही मिळतो.

पोकळ करताना दुसरी अडचण येते. रेघ जिथे निमुळती होते तिथे दोन्ही बाजूंच्या बाह्यरेघा एकमेकींना भेटतात आणि पोकळी बंद होते. अक्षराचा जाड भाग पोकळ आणि बारीक भाग भरीव, असं अर्धवट रूप येतं. यावर दोन उपाय आहेत. एक, बाह्यरेघ अगदी बारीक ठेवणं. हा छापील पत्रिकेला ठीक, फ्लेक्सला नाही. दुसरा आणि चांगला उपाय म्हणजे पोकळच न करणं: अक्षर भरीव ठेवा, बाहेर थोडं अंतर सोडून दुसऱ्या रंगाची रेघ फिरवा. मधली मोकळी पट्टी पोकळीचं काम करते आणि वळण शाबूत राहतं. 'श्री', 'जोतिबा', 'अंबाबाई' असे शब्द या रीतीने फार सुंदर उठतात. मिठाईचं दुकान, लग्नपत्रिका, सराफी पेढी यांना हेच शोभतं. हॉटेलच्या फलकावर 'तांबडा-पांढरा' एवढे दोनच शब्द या रीतीने मोठे करून बाकी सगळा मजकूर साधा ठेवला, तर पाटी गल्लीच्या तोंडापासून ओळखू येते.

मोदक

तिघांत सर्वांत गुबगुबीत, आणि त्याची गंमत त्याच गुबगुबीतपणात आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षरांची पोटं नुसत्या चिरेइतकी अरुंद ठेवली आहेत. आतल्या बाजूने रेघ दिली तर अक्षराचा मुख्य भाग पोकळ होतो खरा, पण त्या चिरांच्या दोन्ही काठांवर रेघा येऊन तिथे तिहेरी पट्टा तयार होतो आणि शब्द वाचताना डोळा अडखळतो. रेघ बाहेरून दिली तर चिरा बुजून जातात आणि 'प' आणि 'ष' यांत फरकच उरत नाही. मोदक भरीवच वापरा, लहान मुलांच्या किंवा खाण्याच्या वस्तूंवर. तिरका करायचीही गरज नाही.

पोकळ करण्याची कृती

देवनागरीचा मुख्य घोळ जोडांचा. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर सुटं असतं आणि शेजाऱ्याच्या शिरोरेषेवर किंचित चढलेलं असतं. मजकुराला थेट बाह्यरेघ दिली की प्रत्येक जोडावर शिरोरेषेला उभी चीर पडते. 'कोल्हापूर' लिहिलं तर शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची दिसते. मोबाइलवरच्या, मजकुरालाच थेट रेघ देणाऱ्या सोयी इथेच मार खातात. ब्राउझरमधल्या 'टेक्स्ट-स्ट्रोक'चंही तेच, शिवाय ती रेघ कडेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी बसते.

इंकस्केप या मोफत रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं तर: मजकूर लिहा, ट्रान्सफॉर्मच्या खिडकीतून स्क्यू १२ अंश द्या, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, अनग्रुप करा, सगळं निवडून 'युनियन' करा. आता अख्खा शब्द एकसंध झाला. त्याची एक प्रत काढा, तिला 'इनसेट'ने हव्या त्या जाडीइतकं आत घ्या, मग मूळ आणि प्रत दोन्ही निवडून 'डिफरन्स' करा. उरलं ते पोकळ अक्षर, खऱ्या आकाराचं, स्ट्रोक नसलेलं. इलस्ट्रेटरमध्ये शिअर, क्रिएट आउटलाइन्स, पाथफाइंडरमधलं युनाइट आणि मग उणे आकडा देऊन ऑफसेट पाथ. कोरलमध्ये स्क्यू, कंट्रोल-क्यूने कर्व्ह (मजकुराचे नुसते आकार), वेल्ड, मग काँटूरचा आतला पर्याय आणि पायऱ्या १. कोरलमध्ये वेल्डच्या आधी कंट्रोल-केने सगळं फोडू नका. 'प' आणि 'ब'ची पोटं सुटी होऊन वेल्डमध्ये भरून जातात आणि मग ती पुन्हा कापत बसावं लागतं.

अंतर वाढवून अक्षरं मोकळी करायचा मोह आवरा. लॅटिनमध्ये पोकळ अक्षराला थोडं जास्त अंतर देतात, कारण शेडला जागा लागते. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते. जागा हवीच असेल तर कर्व्ह केल्यावर अक्षरं हाताने सरकवा, मधल्या फटींत शिरोरेषेच्याच जाडीचे आयत बसवा, मग युनियन करा.

बाह्यरेघ किती जाड? दंडाची जाडी मोजा आणि तिचा सहावा ते आठवा भाग घ्या. दंड ४२ मिलिमीटरचा असेल तर रेघ ६ मिलिमीटर, पोकळी ३० मिलिमीटर. सहाव्या भागापेक्षा जाड केलं तर पोकळी फटीसारखी दिसते, आठव्यापेक्षा बारीक केलं तर अक्षर लांबून विरून जातं. लांबून म्हणजे किती, हेही मोजता येतं. निरोगी डोळा साधारण १ कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील वेगळा ओळखतो. ३० मीटरवर तो सुमारे ९ मिलिमीटर होतो. तेव्हा रस्त्यापलीकडून ३० मीटरवर दिसणाऱ्या पाटीत पोकळी ९ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर दोन रेघा मिळून एकच जाड रेघ दिसणार. मग पोकळ करून उपयोग काय? प्रत्यक्षात ऊन, धूळ, चालती गाडी धरून याच्या दुप्पट ठेवावं. शाहू स्टेडियममध्ये पलीकडच्या गॅलरीतून वाचायच्या बॅनरला तर तिप्पट.

कोपऱ्यांचे काटे ही आणखी एक डोकेदुखी. ऑफसेट न करता स्ट्रोक वापरला तर टोकदार कोपऱ्यावर रेघ सुळ्यासारखी बाहेर येते. कल दिल्यावर काही कोन आणखी टोकदार होतात, त्यामुळे सरळ अक्षरात नसलेला काटा तिरक्यात उगवतो. इलस्ट्रेटरची मायटर मर्यादा, म्हणजे काटा किती लांब होऊ द्यायचा याचा आकडा, मुळात १० असते, म्हणजे साडेअकरा अंशांपर्यंतच्या कोनांनाही तो काटा काढू देतो. एसव्हीजी प्रकारच्या फाइलीत ती ४ असते, ती २९ अंशांवर थांबते. ४ ठेवा, किंवा बालू २ असेल तर सरळ गोल जोड निवडा.

शेड कुठल्या बाजूला? उजवीकडे कललेल्या अक्षराला शेड उजवीकडे खाली टाका. ४५ अंशांची शेड उजवीकडे गेली तर ती कललेल्या दंडाशी ५७ अंशांचा कोन करते आणि तिची जवळजवळ ८४ टक्के रुंदी बाजूला दिसते. डावीकडे टाकली तर कोन ३३ अंशांचा होतो, जेमतेम ५४ टक्के दिसते. बाकीची दंडाच्या मागे लपते. डावीकडची शेड हवीच असेल तर लांबी दीडपट करा. शेड आणि बाह्यरेघ यांत बारीक मोकळी फट सोडली की जुन्या पेंटरच्या कामासारखा उठाव येतो. पोकळीतून मागची शेड दिसता कामा नये, हे तपासा. पोकळीला पाटीच्या जमिनीचा रंग भरून वर ठेवा, नुसती रिकामी सोडू नका.

छापताना आणि कापताना

फ्लेक्स हे या अक्षराला सर्वांत सोपं माध्यम. प्रत्यक्ष आकाराला ७२ डीपीआयने, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांनी, फाइल काढली तर एक ठिपका ०.३५ मिलिमीटरचा असतो. १ मिलिमीटरची रेघ म्हणजे तीनच ठिपके, तिरप्यावर तिला पायऱ्या पडणारच. मोठ्या फलकावर २ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. रेघ एकाच शाईत ठेवा. काळी हवी असेल तर शंभर टक्के काळा, चार रंगांचं मिश्रण नको. छपाईयंत्राचं डोकं जरा सरकलं की बारीक रेघेला रंगीत सावली येते.

रेडियमचं, म्हणजे कापून चिकटवायच्या व्हिनाइलचं, गणित वेगळं. पोकळ अक्षर प्लॉटरवर (कापणाऱ्या यंत्रावर) दिलं की प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा कापल्या जातात आणि हाती उरतात लांब अरुंद पट्ट्या. नको असलेला भाग सोलताना त्या बरोबर उचलल्या जातात, आणि लागल्या तरी कोल्हापूरच्या पावसात त्यांच्याच कडा आधी सुटतात, कारण चिकट पृष्ठभाग कमी आणि कडा जास्त. दुचाकीवर, टेम्पोवर किंवा काचेवर लावायचं असेल तर थरांनी करा: खाली अख्खं भरीव अक्षर बाह्यरेघेच्या रंगात, वर आत घेतलेलं अक्षर दुसऱ्या रंगात. दिसायला पोकळच, पण खालचा थर रुंद असल्याने पकड घट्ट. वरचा थर बसवताना शिरोरेषेच्या डाव्या टोकापासून सुरुवात करा, तिथे जुळलं की बाकी जुळतं.

उद्यमनगरात लेझर किंवा राउटरवर ॲक्रिलिक कापून घ्यायचं असेल तर शिरोरेषा आपल्या कामी येते. लॅटिनमध्ये पोकळ अक्षर कापलं की प्रत्येक अक्षर वेगळी कडी होते आणि एकेक चिकटवत बसावं लागतं. इथे युनियन केलेला अख्खा शब्द एकाच बाह्य कडीत येतो. मात्र पोटांच्या कड्या सुट्याच पडतात. 'कोल्हापूर' कापलं तर 'क'चं पोट आणि 'प'चं पोट असे किमान दोन तुकडे वेगळे निघतात. अनुस्वार असेल तर तोही. म्हणून मागे पारदर्शक पत्रा द्या, किंवा कापण्याआधीच पोटाच्या कडीला बाहेरच्या कडीशी एक-दोन बारीक पूल जोडा. तालमीच्या जर्सीवर सब्लिमेशन (कापडात रंग मुरवणारी छपाई) असेल तर कसलीच चिंता नाही. उष्णतेने चिकटवायच्या व्हिनाइलला मात्र रेडियमचाच नियम लागू.

फाइल देताना

छापणाऱ्याकडे फॉन्ट पाठवू नका, कर्व्ह केलेली पीडीएफ पाठवा. कोरल एक्स-६ च्या आधीच्या आवृत्त्या युनिकोड देवनागरी नीट जोडत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं हलन्त होऊन सुटतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत आणि इलस्ट्रेटरमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदललेलं नसेल तर तिथेही हेच होतं. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर या तिघांपैकी कशालाही लावला तर नुसती अगम्य चिन्हं येतात, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. कर्व्ह करण्यापूर्वी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आलेत का ते बघा. काही फॉन्टांत ते मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावरच बदलतात. 'पन्हाळा'तला 'न्ह', 'दऱ्या'तला 'ऱ्य' आणि 'श्री' हे तीनही एकदा मोठे करून पाहा. एकदा कर्व्ह झालं की चूक दुरुस्त करायला सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून जिवंत मजकुराची प्रत जपून ठेवा.

तिन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. दुकानाची पाटी, बोधचिन्ह, जर्सी, विकायचा टी-शर्ट, कशालाही वापरा. कुणाची परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपण केलेलं तिरकं-पोकळ रूप फॉन्ट म्हणून वाटायचं असेल तर ते याच लायसन्सखाली द्यावं लागतं, नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि परवान्यात मूळ नाव राखून ठेवलेलं असेल तर नाव बदलावं लागतं.

पोकळ अक्षर फक्त नावाला द्या. पत्ता, वेळ आणि सगळ्यात महत्त्वाचा मोबाइल नंबर भरीव, सरळ आणि वाचता येईल अशा साध्या फॉन्टमध्ये. बालू २ चंच ५०० वजन तिथे छान बसतं. देवनागरी आकडे पोकळ केले की '१' आणि '९' लांबून एकमेकांत मिसळतात, आणि नंबर चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दुकानात फोन लावतं.